जुनं लष्करी फ्लाइंग जॅकेट ओळखताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका गृहस्थांनी निळं नायलॉनचं जॅकेट माझ्यासमोर पसरलं. विकणाऱ्यानं ते अमेरिकन हवाई दलाचं ‘एमए-१’ म्हणून दिलं होतं. विणलेले कफ, विणलेली कॉलर, दिसायला सगळं एमए-१सारखंच. लेबल मात्र ‘बी-१५सी’ म्हणत होतं आणि पुढे ‘मॉड’ अशी अक्षरं होती. एमए-१च्या आधीच्या त्या बी-१५ला तर केसाळ कॉलर असते. कुणीतरी भलतंच लेबल शिवून आपल्याला फसवलं, असं धरून ते जॅकेट परत करायला निघाले होते.

जॅकेट अस्सल होतं. सप्टेंबर १९४७मध्ये अमेरिकन हवाई दल लष्करापासून वेगळं झालं, त्याला स्वतःचा निळा रंग मिळाला आणि बी-१५सी त्या निळ्यात निघालं. पुढे टणक हेल्मेट आली. त्यांना आणि पॅराशूटच्या पट्ट्यांना केसाळ कॉलर आड येऊ लागली, म्हणून ती काढून तिथे विणलेली कॉलर बसवली गेली. ‘मॉड’ म्हणजे ‘मॉडिफाइड’, बदल केलेलं. विणलेल्या कॉलरच्या मुळाशी जुन्या शिवणीची भोकं अजून दिसत होती. मानक नमुन्याशी जुळत नाही म्हणून खोटं ठरवणं, ही मला सगळ्यात जास्त भेटणारी चूक आहे.

लेबल आधी वाचू नका

लेबल दहा मिनिटांत उसवून दुसरीकडे शिवता येतं. जॅकेटची पाठ तशी बदलता येत नाही. म्हणून मी लेबल बोटानं झाकून आधी अंग बघतो.

ए-२ घ्या. हे अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांचं चामड्याचं जॅकेट. १९३१मध्ये स्वीकारलं गेलं, १९४३मध्ये त्याची खरेदी थांबली. बहुतेक घोड्याच्या कातड्याची. पाठ जवळजवळ नेहमी एकाच सलग कातड्याची, खांद्यावर पट्ट्या, कॉलरची टोकं आत दडवलेल्या टिचबटणांनी दाबलेली. पुढचे दोन खिसे वरूनच उघडतात, बाजूनं हात घालायला फट नसते. पाठीत मधोमध उभी शिवण आणि खिशाला बाजूची फट दिसली, तर लेबलावर १९४२ छापलेलं असलं तरी ते युद्धकाळातलं नाही. इथे एक खाचखळगा आहे: १९८८मध्ये अमेरिकन हवाई दलानं ए-२ पुन्हा सुरू केलं, बकऱ्याच्या कातड्यात. ते लष्करीच आहे, पण दुसऱ्या महायुद्धाशी त्याचा संबंध नाही.

‘केसाळ कॉलरचं ए-२’ म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुतेक वेळा नौदलाचं जी-१ किंवा त्याची बाजारू नक्कल असते. जी-१ला खांद्यावर पट्ट्या नसतात आणि हात पुढे ताणता यावेत म्हणून पाठीला दोन्हीकडे चुण्या असतात. चेनमागची पट्टी उलटून पाहा. तिथे बारीक भोकांनी ‘यूएसएन’ टोचलेलं सापडलं तर तपास पुढे नेण्यासारखा आहे.

आकड्यांची गफलत

आता लेबल वाचा, पण कुठला आकडा काय सांगतो ते ओळखून. एमए-१वर ‘एमआयएल-जे-८२७९’ असं दिसतं. लोक हे तारखेसारखं धरतात. हा नुसता नमुन्याच्या नियमावलीचा क्रमांक आहे, आणि नागरी बाजारासाठी शिवलेल्या जॅकेटांवरही तो सर्रास छापला गेला. काळ कळतो तो कंत्राटाच्या क्रमांकावरून. ‘डीएसए-१००-६९’ अशी सुरुवात असेल तर ६९ हे आर्थिक वर्ष. त्या काळी अमेरिकेचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू व्हायचं, म्हणजे कंत्राट १९६८च्या पावसाळ्यानंतरचंही असू शकतं. १९७७मध्ये ‘डीएसए’ या लष्करी पुरवठा खात्याचं नाव ‘डीएलए’ झालं. साठ्याचा क्रमांक, म्हणजे लष्करी भांडारात त्या वस्तूला दिलेला क्रमांक, ११ अंकी असेल तर १९७४च्या आधीची पद्धत, १३ अंकी असेल तर नंतरची. लेबलावरच्या या खुणा एकमेकींशी जुळतात का, हे पाहायचं.

पण जुळल्या म्हणजेही झालं असं नाही. जपान आणि ब्रिटनमधले काही उत्तम कारागीर जुन्या ए-२ची हुबेहूब जॅकेटं शिवतात आणि मूळ कंत्राटदाराचं नाव, क्रमांक सगळं लेबलावर उतरवतात. ते कुणाला फसवत नाहीत. फसवणूक होते ती तिसऱ्या-चौथ्या हाताच्या विक्रीत. न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावची ‘एअरो लेदर’ युद्धकाळात ए-२ शिवत होती. त्याच नावाची स्कॉटलंडमधली कंपनी १९८०च्या दशकातली. नाव वाचून मोकळं होऊ नका.

माझी आवडती चाचणी सोपी आहे. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च घ्या, अंधाऱ्या खोलीत अस्तर, दोरा आणि लेबल बघा. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घातली जाणारी रसायनं युद्धानंतर सर्वत्र पसरली, आणि ती निळसर पांढरी चमकतात. लेबल चमकलं आणि शेजारचं अस्तर काळोखं राहिलं, तर लेबल नंतर आलंय अशी शंका घ्या. घाईनं निकाल मात्र देऊ नका. आजच्या डिटर्जंटमध्ये जॅकेट एकदा धुतलं गेलं असेल तरी सुती भाग चमकतो. चामड्याच्या युद्धकालीन जॅकेटाला आणखी एक उपाय: आधीच लोंबत असलेल्या दोऱ्याचा बोटभर तुकडा जॅकेटपासून दूर नेऊन पेटवा. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून मणी धरतो; मणी धरला तर दोरा युद्धानंतरचा.

ब्रिटिश खुणा आणि आपल्याकडची एक खूण

रॉयल एअर फोर्सचं मेंढीच्या कातड्याचं आयर्विन जॅकेट अनेक तुकड्यांचं दिसलं, की लोक त्याला ठिगळं लावलेलं समजतात. युद्धात मोठी कातडी मिळेनाशी झाली म्हणून ती लहान तुकड्यांतूनच शिवली गेली. त्याला बाहेर खिसे नसतात. असतील तर ते नंतरचे.

रुंद बाणाची खूण, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालावरचा शिक्का, दिसली की ‘ब्रिटिश’ म्हणून थांबू नका, बाणाभोवतालचं अक्षर बघा. बाण ‘सी’च्या पोटात असेल तर कॅनडा, दोन ‘डी’च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया, बाणाखाली ‘आय’ असेल तर माल भारतात तयार झालेला.

भारताचा आणखी एक धागा बॅजमध्ये आहे. १९४२ ते १९४५ या काळात आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणारे अमेरिकन वैमानिक जॅकेटावर चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीची ढाल लावायचे: वर सूर्य आणि तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. यातल्या कित्येक ढाली इथल्याच कारागिरांनी चामड्याचे तुकडे कापून, हातानं शिवून बनवल्या. टाके वाकडे, तारा थोडा तिरका. तो तिरकेपणा पाहून बॅज नकली ठरवून काढून टाकलेला मला माहीत आहे, आणि त्याचं अजून वाईट वाटतं. बॅज खरा म्हणजे जॅकेटही त्याचंच, असं मात्र नाही. बॅजच्या कडेखाली डोकवा. दशकानुदशकं झाकलेलं चामडं शेजारच्यापेक्षा गडद असायला हवं.

ओळख पटेपर्यंत काही करू नका

आपल्याकडे चामडं सुकलं की खोबरेल तेल चोळतात. जुन्या जॅकेटाला ते लावू नका. तेलानं रंग गडद होतो, डाग पडतात, आणि बॅजखालचा तो रंगातला फरकच पुसला जातो. ड्रायक्लीनिंग नको, पॉलिश नको. दमट हवेत बुरशी आली असेल तर सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि मऊ कोरड्या ब्रशनं घराबाहेर झाडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका.

चेन तुटली असेल तर बदलण्याआधी तिच्या सरकपट्टीवरचं नाव आणि कापडी पट्टीची शिवण दोन्हीचे जवळून फोटो काढा. बदललीच, तर जुनी चेन फेकू नका. कागदी पाकिटात घालून, वर तारीख लिहून, जॅकेटासोबतच ठेवा.