सामान घेऊन इटलीला चाललाय? इटालियन शिकताना या चुका टाळा

इटलीचं बुकिंग झालं की लोक युट्यूबवरून वीसेक वाक्यं पाठ करतात, आणि बोलतातही बरी, पण समोरचा फाडफाड उत्तर द्यायला लागला की गाडी अडते. सगळ्यात मोठी चूक हीच, प्रश्न पाठ, उत्तराची तयारी शून्य. "दोव्हे इल देपॉझितो बागाल्यी?" म्हणजे सामान ठेवायची खोली कुठंय, एवढं सगळ्यांना येतं, पण उत्तर काय येणार? देस्त्रा म्हणजे उजवीकडे, सिनिस्त्रा डावीकडे, सू वर, जू खाली, इन फोन्दो म्हणजे पार टोकाला. हे पाच शब्द आधी घोटा, बाकीचं मग बघू.

आकड्यांचं तर विचारूच नका. बिनारिओ म्हणजे प्लॅटफॉर्म. दोदिची 12 आणि सेदिची 16, स्टेशनच्या गोंगाटात दोन्ही सारखेच वाटतात, सेई 6 आणि सेत्ते 7 चं पण तेच, आणि दोन बॅगा ओढत चुकीच्या प्लॅटफॉर्मवर गेलात की कल्याण. शंका आली तर मोबाईल पुढे करून "मे लो प्वो स्क्रीव्हेरे?" म्हणा, म्हणजे लिहून देता का. बोर्डावर शहरांची नावं इटालियनच असतात हेही विसरू नका, फ्लॉरेन्स शोधत बसाल आणि फिरेन्त्सेची गाडी समोरून जाईल. व्हेनिसला तर दोन स्टेशनं, मेस्त्रे मुख्य भूमीवर आणि सान्ता लुचिया बेटावर, हॉटेल कुठं आहे ते आधी बघा. सान्ता लुचियाच्या समोरच्याच पुलाला पायऱ्या आहेत, तिथं चाकाच्या बॅगेचा काही उपयोग नाही, उचलावीच लागते.

उच्चार रोमन अक्षरांवरून इंग्लिशसारखे करू नका, सरळ देवनागरीत लिहून घ्या. त आणि द आपल्यासारखेच, सेत्ते म्हणताना त्तवर पत्त्यासारखाच जोर. स्टेशन म्हणजे स्तात्सिओने, त्यातला त्स आपल्या 'चोर'मधला च. आणि सीएच दिसलं की क, म्हणून बंद म्हणजे क्यूझो, च्यूझो नाही.

अनोळखी माणसाला थांबवायचं तर स्कूझी, स्कूझा नाही. स्कूझी म्हणजे अहो आणि स्कूझा म्हणजे अरे, काउंटरवरच्या काकांना अरे म्हणू नका. गर्दीतून बॅग काढायची असेल तर सॉरी सॉरी करत ढकलू नका, पेर्मेस्सो म्हटलं की लोक बाजूला होतात.

आता बॅगच आली नाही तर? इथं बरेच जण "ओ पेर्सो ला वालीजा" म्हणतात, म्हणजे बॅग मी हरवली. अहो, तुम्ही कुठं हरवलीत! "ला मिआ वालीजा नॉन ए आर्रिवाता" म्हणा, माझी बॅग आली नाही. एअरपोर्टवरच पीआयआर रिपोर्ट, म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म, भरून त्याची कॉपी घ्या, त्याशिवाय बाहेर पडू नका, बॅगेचा टॅग पण जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा मॉन्ट्रियल करार आहे, त्यानुसार डॅमेजची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत करायची, बॅग उशिरा आली असेल तर हातात आल्यापासून 21 दिवसांत, नंतर ओरडून काही होत नाही. बॅगेचा रंग विचारतातच, नेरा काळी, ब्लू निळी, रोस्सा लाल. रोत्ता म्हणजे तुटलेली, त्यामुळे रोस्सा आणि रोत्ता यात घोळ घालू नका, नाहीतर धडधाकट लाल बॅग तुटकी म्हणून लिहून घेतील.

बोलायच्या नादात पाट्या वाचायच्या राहतात. लिफ्टवर ग्वास्तो लिहिलं असेल तर ती बंद पडलीय, बटण दाबत उभं राहू नका, जिना बघा. आणि शोपेरो हा शब्द दिसला तर थांबून नीट वाचा, म्हणजे संप. रीजनल गाड्यांना कामाच्या दिवशी संपातही सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 18 ते 21 अशा हमीच्या वेळा असतात, जमलं तर त्यातलीच गाडी धरा.