मरून मागितला, काळा मिळाला: सुती कापड रंगवताना या चुका टाळा

इचलकरंजीत मी ज्या ज्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, काम केलं, तिथे काळ्या रंगाचे काही लॉट असे असायचे की ज्यांची ऑर्डर काळ्याची नव्हतीच. मरून बिघडला, नेव्ही फसला, बॉटल ग्रीनवर डाग आले की शेवटी काळ्यात बुडवायचं. काळा सगळ्यांना पोटात घेतो. मग पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन येतो आणि रंगाई मास्तर रंग विकणाऱ्याला शिव्या घालतो. रंगच खराब निघाला असं मी इतक्या वर्षांत एखाद-दोनदाच पाहिलं असेल. बाकी सगळी आपलीच करणी.

खालचं सगळं सुती कापड आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंगांबद्दल, म्हणजे धाग्याशी रासायनिक जोड होणाऱ्या रंगांबद्दल, आहे.

उरलेलं पेरॉक्साइड नष्ट न करता रंग टाकणं

ही माझी दुखरी नस आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

ब्लीचिंगला आपण हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो. कापड पांढरंशुभ्र होतं, पाणी सोडून देतो, नवीन पाणी भरतो आणि काम झालं असं समजतो. पण कापडात पेरॉक्साइड थोडं उरलेलं असतंच. पुढच्या बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, ते रंगाचे रेणू मोडत बसतं. बरं, सगळीकडे सारखं मोडलं असतं तरी चाललं असतं. जिथे जास्त उरलंय तिथे फिकं, जिथे कमी तिथे गडद.

एकदा रात्रपाळीला ४०० किलो होजियरी (विणलेलं टी-शर्टचं कापड) सॉफ्ट फ्लो या रंगाईच्या मशीनमध्ये होती, मरून. पहाटे नमुना काढला तर मरूनच्या जागी विटकरी. पाळीवरचा पोरगा म्हणाला, "मास्तर, रंग कमी पडलाय, टॉपिंग मारू, वरून रंग वाढवू?" मलाही झोप अनावर झाली होती. मार म्हटलं. ती माझी चूक. टॉपिंगनंतर शेड खोल झाली, पण कापडावर ढग उठले. सकाळी त्याला विचारलं, "किलर एन्झाइम टाकलंस का?"

"टाकलं की!"

"कशात?"

"ब्लीचच्याच पाण्यात. एक पाणी वाचलं."

ते पाणी होतं ८० अंशाचं, कॉस्टिकचं, म्हणजे तीव्र अल्कलीचं. पेरॉक्साइड मारणारं एन्झाइम म्हणजे कॅटलेज, एक प्रथिन. उकडलेल्या अंड्यातून पिल्लू निघेल का? तसंच ते. एन्झाइम टाकल्या टाकल्या मेलं, पेरॉक्साइड मात्र जिवंत राहिलं. एक पाणी वाचवायला गेलो आणि ४०० किलो काळं केलं.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. ब्लीचचं पाणी सोडायचं, एक धुणं द्यायचं, नवीन पाण्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने पीएच ७ च्या आसपास आणायचा, तापमान ४५-५० अंश, मग एन्झाइम, आणि १५-२० मिनिटं मशीन फिरवायचं. त्यानंतर पेरॉक्साइडची पट्टी बुडवायची. पट्टीवर रंग उमटला तर डाय किचनच्या (रंग कालवायच्या खोलीच्या) दाराला हात लावायचा नाही. पट्टी कोरी आली की त्याच पाण्यात रंगाला सुरुवात करता येते, कारण कॅटलेज रंगाला काही करत नाही. म्हणजे पाणी वाचवायचंच असेल तर ते इथे वाचतं.

ट्यूबलाइटखाली शेड पास करणं

संध्याकाळी सात वाजता ऑफिसच्या ट्यूबखाली दोन तुकडे धरून "परफेक्ट!" म्हणणारे लोक पाहिले की मला घाम फुटतो.

दोन कापडं एका उजेडात सारखी आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. शेड बनवणाऱ्या तीन रंगांची तिकडी बदलली की हे हमखास होतं, आणि ऑलिव्ह, खाकी, करडा या शेड त्यात सगळ्यात लबाड. आमच्याकडे टी-शर्टचं अंग रंगलं होतं आणि कॉलरची रिब (ताणली जाणारी विणलेली पट्टी) दुसरीकडून रंगून आली होती. अंगणात उन्हात दोन्ही एकजीव. दुकानातल्या दिव्याखाली कॉलर लालसर, अंग हिरवट. शिवून, इस्त्री करून, खोक्यात भरलेला माल परत आला. दोन्ही रंगाऱ्यांची शेड बरोबर होती, फक्त रेसिपी वेगवेगळ्या होत्या.

तेव्हापासून रिब आणि अंग मी एकाच मशीनमध्ये टाकतो. जमत नसेल तर निदान तेच तीन रंग वापरायला लावतो. लाइट बॉक्समध्ये डी ६५ (दिवसाचा उजेड), टीएल ८४ (दुकानातली ट्यूब) आणि साधा पिवळा बल्ब, तिन्ही बघतो. बॉक्स नसेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीत. ऊन थेट नको. आणि ड्रायरमधून काढलेला गरम तुकडा लगेच जुळवू नका. कापड निवलं की शेड बदलते, काही रंगांत तर डोळ्यांदेखत. मी चहा घेऊन येतो, मग बघतो.

हल्ली एक नवीन फॅड आहे: स्पेक्ट्रोने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) डेल्टा ई (दोन शेडमधला फरक) एकच्या आत दाखवला की पोरं डोळे मिटतात. अरे बाबा, तो आकडा कुठल्या दिव्याचा आहे ते तरी बघ!

सोपिंगच्या जागी फिक्सर

१९५६ मध्ये आयसीआयने प्रोसियन नावाने पहिले रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले, तेव्हापासून या रंगांची एक खोड कायम आहे: ते धाग्याशी जोडले जातात तसे पाण्याशीही जोडले जातात. पाण्याशी जोडलेला रंग धाग्याला नुसता चिकटून बसतो आणि गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. तो काढायला आधी साध्या पाण्याने रंगवताना घातलेलं मीठ घालवावं लागतं. मीठ असेल तर रंग सुटत नाही, हे निम्म्यांना माहीतच नसतं. मग ९५ अंशाला सोपिंग, म्हणजे साबणाच्या पाण्यात धुणं. हे टाळून वर फिक्सर (सुटा रंग कापडावर बांधून ठेवणारं रसायन) मारणं म्हणजे अंघोळ न करता अत्तर लावणं.

बाकीच्या चुका

रंग धाग्याशी जोडणारा सोडा एकदम ओतणं. आधी थोडा, मग थोडा जास्त, शेवटी उरलेला, असा जाऊ द्या. नाहीतर रंग जिथे आहे तिथेच पकडतो.

लॅबमध्ये कापड आणि पाण्याचं प्रमाण १:२० आणि मशीनवर १:८ घेऊन "शेड खोल का आली?" असं विचारणं. पाणी कमी तर रंग कापडावर जास्त चढतो. लॅबचं प्रमाण मशीनच्या जवळ आणा.

टँकर बदलला तरी पाणी न तपासणं. जड पाण्यात कॅल्शियम रंगाला धरून बसतो.

मगाने रंग मोजणं. यावर मी बोलणार नाही.

ओल्या तुकड्यावर सही करणं. ओलं कापड नेहमी गडद दिसतं.

आणि सॉफ्टनर, म्हणजे कापड मऊ करणारं रसायन. सिलिकॉन सॉफ्टनरने गडद शेड आणखी खोल दिसते, काही कॅटायनिक (धन भाराच्या) सॉफ्टनरने पांढरं पिवळं पडतं. म्हणून मी लॅब डिपलाही (मंजुरीसाठी लॅबमध्ये रंगवलेल्या तुकड्यालाही) तोच सॉफ्टनर लावून पार्टीला पाठवतो, आणि त्याच तुकड्याचा अर्धा भाग लॉट नंबर घालून कपाटातल्या वहीत ठेवतो. कपाटाला कुलूप आहे, कारण मागच्या वेळी कुणीतरी त्यातल्या एका तुकड्याने चष्मा पुसला होता.