डाग आधी नीट बघा, ट्यूब नंतर मागा

सांगलीजवळ आमचं मेडिकल आहे आणि संध्याकाळी काउंटरवर मी असते. ताप-खोकल्याच्या खालोखाल गिऱ्हाईक येतं ते डागांसाठी. "वहिनी, डागावर एखादी चांगली ट्यूब द्या ना." कसला डाग, असं विचारलं की मोबाइल पुढे येतो. त्यात नेटवरचा फोटो: गोरी कातडी आणि लालभडक चट्टा. सावळ्या अंगावर तोच आजार जांभळट, करडा किंवा तपकिरी दिसतो, त्यामुळे फोटोशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

डाग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. दुसऱ्या गालावरची किंवा हातावरची तीच जागा शेजारी धरून ताडा. मग बोट फिरवा. गरम लागतंय का, खरखरीत आहे का, कड उचललेली आहे का? खाज आहे का? आणि स्पर्श कळतोय ना? एवढं झालं की डाग बाकी अंगापेक्षा गडद आहे की फिकट, ते ठरवा.

गडद डागांत सगळ्यात जास्त असतात ते मागे राहिलेले. मुरुम, डासाचा चावा, भाजलेलं, खाजवलेलं, काहीही बरं झालं की आपल्या त्वचेवर काळं राहतं. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि आपल्यात साधारण सारख्याच असतात. आपल्या जास्त रंग बनवतात, आणि डिवचल्या की आणखी. तपकिरी डाग काही महिन्यांत फिकटतो. निळसर-करडा म्हणजे रंग खोल उतरलाय, त्याला वर्षंही लागतात. मुरुम येतच असतील तर आधी मुरुमांचं औषध घ्या, डागाचं नंतर.

मानेचा मखमली काळेपणा वेगळा. तो मळ नसतो, मंगळसूत्राचाही दोष नाही. बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. वजन करा, उपाशीपोटी साखर तपासा. घासून तो आणखी काळा होतो. पाठीवर, दंडावर, नडगीवर बारीक लहरींसारखा काळपटपणा असेल तर आधी मोरीतली नायलॉनची घासणी फेकून द्या.

आता वांग. गाल, कपाळ, वरचा ओठ. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्याचा वारसा आणि ऊन, सगळ्यांचा त्यात हात असतो. आपल्या त्वचेवर नुसत्या प्रकाशानेही वांग गडद होतो, म्हणून छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, एसपीएफ ३० किंवा वर. तोंड-मानेला दोन बोटं भरून लागतं. हरभऱ्याएवढं लावून "उपयोग नाही हो" म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात.

वांगावर शेजारणीने सांगितलेली ट्यूब मागायला येता, ती आधी उलटी करून वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं असतील तर त्यातलं मोमेटासोन स्टेरॉइड आहे. डॉक्टर ती मोजक्या आठवड्यांसाठी देतात. लोक ती वर्षभर पावडरसारखी लावतात. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, तिथेच फसगत होते. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरुम येतात, गालावर लव वाढते. बंद केली की चेहरा उसळतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. यातून त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊनच सुटका होते, मनाने बंद-चालू करू नका. आणि बनवणाऱ्याचा पत्ताच नसलेल्या गोरेपणाच्या डब्या घेऊच नका. काहींत पारा निघतो. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांत अशाच क्रीमचा धागा सापडला.

नायट्याचीही तीच रड. जांघेत, कमरेला, चड्डीच्या नाडीखाली गोल चट्टा, कड उचललेली, खाज रात्री जास्त. लोकांना क्लोबेटासोल (हे स्टेरॉइड), ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि वर बुरशीचं औषध असली भेळ हवी असते, कारण तिने खाज दोन दिवसांत थांबते. खाज स्टेरॉइडने थांबते, बुरशी आत पसरत राहते, आणि कड पुसट झाल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. २०१८ पासून स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायला मनाई आहे. मी देत नाही, म्हणून काही जण समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत. आता तर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधालाही न जुमानणारी बुरशी पसरलीय. तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावही मिळालं. औषध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, चट्टा दिसेनासा झाला तरी. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे कडक उन्हात वाळवा, घरात अजून कुणाला खाज असेल तर त्यालाही सोबत न्या.

फिकट डागांत घाबरण्यासारखं कमी असतं. पाठीवर-छातीवर बारीक भुसा सुटणारी ती शिबं. ती बुरशीचीच, औषधाने बुरशी जाते, रंग भरायला महिने लागतात. मुलांच्या गालावरच्या फिकट ठिपक्यांसाठी आजी जंताचं औषध मागते. जंतांचा संबंध नाही, साधं मॉइश्चरायझर लावा, ऊन टाळा. कपाळावर टिकलीच्याच जागी पांढरं पडलं तर टिकली तिथल्या तिथे बंद. तिच्या डिंकातलं रसायन रंग बनवणाऱ्या पेशी मारतं. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर मात्र ट्यूब नकोच, सरळ सरकारी दवाखान्यात जा. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचं औषध तिथे फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

केसांचं थोडक्यात. गुळगुळीत गोल चाई पडली तर कांदा घासत बसू नका, डॉक्टर तिथे इंजेक्शन देतात. मुलाच्या डोक्यात केस तुटून खपल्या असतील तर बहुधा बुरशी, तिला पोटातून औषध लागतं. डेंगू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात, ते परत येतात. कानशिलावरचे केस मागे सरकत असतील तर घट्ट वेणी-अंबाडा सैल करा, उशीर झाला तर मुळंच मरतात. कोंड्यावर तेल थापू नका. काळा डाय लावून कपाळाच्या कडेला काळपट पट्टा उमटला किंवा खाज सुटली तर तो डाय पुन्हा डोक्याला लावायचा नाही, "नॅचरल" लिहिलेलं असलं तरी.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना तोंडाला पावडर-क्रीम लावू नका. आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा.