कोकोच्या बागेत झाडं मोजायला निघण्याआधी

कोकोच्या बागांमधली वृक्षविविधता हा विषय हाती आला तेव्हा काम सोपं वाटलं होतं. टेप आणि वही घ्यायची, झाडं मोजायची, निर्देशांक काढायचा. पहिल्या बागेत शिरले आणि अर्ध्या तासात मान दुखायला लागली. कोकोची झाडं पाच-सात मीटरची, आणि त्यांच्या डोक्यावर कितीतरी उंच सावलीच्या झाडांचं छत. पायाखाली पाल्याचा गादीसारखा थर. तो थर निव्वळ कचरा नाही. कोकोची फुलं थेट खोडावर येतात आणि त्यांचं परागीभवन करणारे जेमतेम दिसणारे कीटक अशाच कुजणाऱ्या पाल्यात वाढतात.

माझी पहिली चूक प्लॉटच्या आकाराची. जंगलाच्या पाहणीची सवय म्हणून मी २० बाय २० मीटरचे चौकोन आखले. तीन बाय तीन मीटरवर लावलेला कोको अशा चौकोनात ४४ झाडांच्या आसपास भरतो. सावलीची झाडं मात्र दोन, एक, कधी एकही नाही. तीन आठवडे मी मुख्यतः कोकोच मोजत होते. तुम्ही मोठे प्लॉट घ्या. बाग लहान असेल तर सगळीच मोजा.

दुसरी चूक हसण्यासारखी. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, मी साध्या टेपनं घेर घेत होते आणि सोबतचा मदतनीस व्यास दाखवणारी टेप वापरत होता. दोघांचे आकडे एकाच रकान्यात. संध्याकाळी संगणकावर १८८ सेंटिमीटर व्यासाचं झाड निघालं. मी खूश! प्रत्यक्षात तो घेर होता, व्यास जेमतेम ६०. तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर वरच ‘घेर’ लिहिते आणि ३.१४ नं भागायचं काम घरी करते. बुंध्याला भिंतींसारखी आधारमुळं असतील तर ती संपतात त्याच्या वर मोजायचं, आणि किती उंचीवर मोजलं तेही लिहायचं.

नावांचा घोळ वेगळाच. शेतकरी सांगतात ते नाव जरूर लिहा, पण त्यावर विसंबू नका. इंगा या सावलीसाठी लावल्या जाणाऱ्या शेंगवर्गीय झाडाच्या तीन जाती मला एकाच नावानं सांगितल्या गेल्या. पान हातात घेऊन पाहिलं तर पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध वाटीसारखी बारीक ग्रंथी दिसते. तिथपर्यंत ‘इंगा’ पक्कं. पुढची जात ठरवायला फूल किंवा शेंग लागते. नमुना दाबून ठेवा, क्रमांक द्या आणि जाणकाराला दाखवा.

आता निर्देशांक. समजा एका बागेत सावलीची १०० झाडं, पाच जाती, प्रत्येकीची २०. दुसरीतही १०० झाडं, पण दहा जाती: एकीची ९१ आणि बाकी नऊंचं एकेकच. जाती मोजल्या तर दुसरी बाग श्रीमंत. जातींच्या संख्येबरोबर त्यांची वाटणी किती समान आहे तेही धरणारा शॅनन निर्देशांक पहिलीला १.६१ येतो, दुसरीला ०.५०. म्हणजे दुसरी बाग निम्मी-निम्मी झाडं असलेल्या दोन जातींच्या बागेपेक्षाही एकसुरी. फक्त जातींची संख्या देणारे अहवाल मी आता जरा संशयानंच वाचते.

पण खरी कलाटणी आकड्यांनी दिली नाही. प्रत्येक झाडापुढे मी ‘हे इथे का?’ असा रकाना जोडला आणि वही बदलली. काही झाडं फळांसाठी ठेवलेली, काही लाकडासाठी, काही केवळ तोडायला महाग म्हणून उभी. नसलेल्या झाडांनाही कारणं असतात. सावली दाट झाली की ओल टिकते आणि फळं काळी पडून कुजतात, म्हणून फांद्या छाटल्या जातात. पश्चिम आफ्रिकेत कोकोच्या फांद्या सुजवणारा विषाणू पांढऱ्या सावरीतही राहतो, म्हणून ती झाडं काढून टाकण्याचा सल्ला दिला गेला. घानात आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडांवरचा हक्क दीर्घकाळ राज्याकडे राहिला. ठेकेदार झाड पाडतो तेव्हा खालचा कोको चिरडतो, म्हणून अनेक शेतकरी असं झाड लहानपणीच संपवतात. तिथे ‘शेतकऱ्यांना झाडांचं महत्त्व कळत नाही’ असं लिहिणं म्हणजे शुद्ध आळस.

ब्राझीलच्या बाहिया राज्यातली काब्रूका पद्धत नवख्यांनी जरूर अभ्यासावी. अटलांटिक जंगल विरळ करून त्याच्याच सावलीत कोको लावलेला. वर पाहिलं तर जंगलाचे जुने वृक्ष, त्यांच्यात मूळचा भारतातला फणसही भरपूर. पण दरवेळी तण काढताना जंगली रोपंही कापली जातात, त्यामुळे जुन्या वृक्षांच्या जागी येणारी पिढी तोकडी पडते. छतातली विविधता ही बरीचशी जुन्या काळाची शिल्लक असते.

म्हणून वर पाहून झालं की गुडघ्यांवर बसा. दहा सेंटिमीटरहून कमी व्यासाची झाडं बहुतेक पाहण्या सोडून देतात. तुम्ही सोडू नका. प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यात दोन बाय दोन मीटरचा चौकोन आखून त्यातली रोपं मोजा, त्यांची उंची लिहा आणि कोयत्याचा घाव बसून पुन्हा फुटलेली रोपं वेगळ्या खुणेनं नोंदवा. मग पुढची तणकाढणी कधी आहे ते विचारून घ्या आणि ती झाल्यावर पुन्हा जा.