फ्रीमाँटला चाललात? मुलांना तिथल्या सरकारी शाळेत घालताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) नोकरी ठरली की घरात पहिला विषय निघतो तो मुलांच्या शाळेचा. तिथल्या फ्रीमाँट शहराच्या सरकारी शाळांना फी नाही, डोनेशन नाही, आईवडिलांची मुलाखतही नाही. स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, हद्दीत राहणाऱ्या मुलाला जागा देणं त्यांचं कामच आहे. तरीही दर उन्हाळ्यात आपल्याकडची कुटुंबं अडकतात. अडतं ते पत्त्यावर आणि कागदांवर, आणि त्यातले बरेचसे कागद पुण्यात किंवा ठाण्यात असताना एका फेरीत झाले असते. म्हणून हे सगळं तिकीट काढायच्या आधी वाचा.

नावावरून डिस्ट्रिक्ट ठरवणं

‘फ्रीमाँट युनिफाइड’ ही फ्रीमाँट शहराची डिस्ट्रिक्ट. तिथे बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळं एकाच छत्राखाली चालतं. ‘फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट’ मात्र अगदी वेगळी. ती खाडीच्या पलीकडे कूपर्टिनो-सनीव्हेल भागात आहे, तिच्याकडे फक्त नववी ते बारावी आहे आणि फ्रीमाँट शहराशी तिचा काही संबंध नाही. तिच्यातलं फ्रीमाँट हायस्कूलसुद्धा सनीव्हेलमध्ये आहे! इंटरनेटवर एकीचे नियम वाचून दुसरीच्या हद्दीत घर घेणारे लोक खरोखर भेटतात.

शाळांची डिस्ट्रिक्ट महापालिकेच्या हाताखाली नसते. तिचं निवडून आलेलं बोर्ड वेगळं, हद्दही वेगळी. त्यामुळे टपालाच्या पत्त्यात ‘सॅन होजे’ असलेल्या घरातली मुलं कूपर्टिनोच्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात, आणि सनीव्हेलच्या काही गल्ल्या सँटा क्लारा युनिफाइडमध्ये मोडतात. लीजवर सही करण्यापूर्वी घराचा पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर घालून कोणती शाळा लागते ते बघा. घरमालक किंवा एजंट तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका.

‘समोरची शाळा म्हणजे आपली शाळा’ असं धरून चालणं

पत्त्यावरून ठरते ती तुमच्या भागाची शाळा, तिथली जागा नव्हे. फ्रीमाँटमधल्याच मिशन सॅन होजेसारख्या मागणी असलेल्या भागात एखाद्या इयत्तेचे वर्ग भरले असतील, तर उशिरा आलेल्या मुलाला डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. त्यात अन्याय नाही, वर्गाला मर्यादा आहे. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, पण पुढच्या वर्षाची नोंदणी कितीतरी महिने आधी उघडते. घर हातात आलं की त्याच दिवशी ऑनलाइन अर्ज भरा, सामान लागायची वाट बघू नका.

पत्त्याचा पुरावा म्हणून लीज, पीजी अँड ई चं (विजेचं-गॅसचं) बिल, पगाराची स्लिप, सरकारी खात्याचं पत्र असे कागद कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मान्य आहेत. सुरुवातीला भावाकडे किंवा मित्राकडे उतरला असाल, तर लपवू नका. घरमालकाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र देऊन नाव घालता येतं. ‘चांगल्या’ शाळेसाठी ओळखीतल्याचा पत्ता मात्र कधीही लावू नका. पडताळणी होते, आणि वर्षाच्या मध्यावर शाळा सुटते ती मुलाची.

लसींची फाइल जशीच्या तशी नेणं

सर्वात जास्त खोळंबा इथेच होतो. २०१६ पासून कॅलिफोर्नियात ‘आमचा लसींवर विश्वास नाही’ हे कारण चालत नाही. लशी पुऱ्या हव्यात किंवा वैद्यकीय सूट हवी. आपल्या मुलांच्या लशी बहुधा झालेल्या असतात, पण तिथल्या हिशेबात बसत नाहीत.

गोवरापासून सुरुवात करू. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. तिथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरतच नाहीत. शिवाय सरकारी दवाखान्यात मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंड नाही. तिथे गालगुंडाचेही दोन डोस लागतात. म्हणजे कार्डावर दोन्ही एमआर असलेल्या मुलाला एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेला) दोन डोस घ्यावेच लागतात. खासगी डॉक्टरांकडे पंधराव्या महिन्यात आणि पुन्हा चार-पाच वर्षांचं असताना एमएमआर झाली असेल, तर प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट पोलिओची. १ एप्रिल २०१६ पासून पुढे तोंडावाटे दिलेले थेंब तिथे मोजत नाहीत, कारण तेव्हापासूनच्या थेंबांत पोलिओचे तिन्ही प्रकार नसतात. पल्स पोलिओच्या कितीही नोंदी असल्या तरी उपयोग नाही. इंजेक्शनं मोजली जातात. चार लागतात, किंवा एक चौथ्या वाढदिवसानंतरचं असेल तर तीन पुरतात.

कांजिण्यांची लस तर आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीच. तिथे दोन डोस लागतात, आणि लहान मुलांसाठी दोघांत तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. निघायच्या आठवडाभर आधी बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तर हे जमायचं नाही. पहिला डोस झाला असेल आणि पुढच्याची तारीख अजून आली नसेल, तर सशर्त प्रवेश देतात. कोऱ्या कार्डावर देत नाहीत.

आता कागद. कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात ०५/०८/२१ लिहिलेलं असतं. आपण वाचतो पाच ऑगस्ट, शाळेतली नर्स वाचते आठ मे. एवढ्यावरून वैध डोस अवैध ठरतो, किंवा दोन डोसांतलं अंतर कमी पडतं. शेजारी चिकटवलेल्या लेबलवर फक्त ‘हेक्सॅक्सिम’ किंवा ‘पेंटॅक्सिम’ असतं, त्यात कोणत्या लशी आहेत हे तिथल्या क्लार्कला कुठून कळणार? डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत तक्ता करून घ्या. त्यात महिना अक्षरी, लशीच्या नावापुढे आजारांची नावं (हेक्सॅक्सिम असेल तर घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिब आणि हिपॅटायटिस बी), खाली सही आणि शिक्का. हे एक पान तुमचा महिना वाचवील.

क्षयरोगाची तपासणी सांगितली, तर रक्ताची चाचणी मागा. बीसीजी (क्षयरोगाची लस) घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे मागे लागतो.

इयत्तेवरून भांडणं

कॅलिफोर्निया १ सप्टेंबरचं वय बघते. त्या दिवशी पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन, सहा असतील तर पहिली. २०२५-२६ पासून चार पूर्ण झालेल्यांना टीके, म्हणजे त्याआधीचा वर्ग, सरकारी शाळेतच मिळतो. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल इकडे पहिलीत बसलेलं असतं आणि तिकडे त्याला किंडरगार्टन देतात. ‘वर्ष वाया गेलं’ म्हणून आजी-आजोबांसकट सगळे हळहळतात. माझं मत विचाराल तर जाऊ द्या ते वर्ष. नवा देश, नवे उच्चार, नवे मित्र एवढं सांभाळताना वर्गात सगळ्यात लहान असण्यापेक्षा बरोबरीच्यांत असणं मुलाला सोपं जातं.

घरची भाषा ‘इंग्लिश’ लिहिणं

नोंदणीत मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं, घरी काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता असे प्रश्न येतात. ‘मराठी’ लिहिलं तर पोराला मागे टाकतील या भीतीने लोक खोटं लिहितात. होतं एवढंच की पहिल्या तीस दिवसांत एल्पॅक नावाची इंग्रजीची चाचणी होते. चांगली गेली तर मुलावर इंग्रजी येत असल्याची नोंद होते आणि विषय संपतो. कमी पडली तर इंग्रजीसाठी जादा मदत मिळते, आणि पुरेसं येईपर्यंत दरवर्षी चाचणी होते. ज्याला खरंच मदत हवी आहे त्याची ती आपल्याच हाताने बंद करू नका. घरात मराठी बोलता हे लिहायला संकोच कसला?

जन्मदाखला न तपासणं

दवाखान्यातून नोंद बारशाआधी जाते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरीच राहते. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घ्या, आणि नुसता मराठीत असेल तर भाषांतरही करून घ्या. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टही चालतो, म्हणून दोन्हीवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना ते पाहा.

सोशल सिक्युरिटी नंबर आलेला नाही म्हणून थांबू नका, तो लागत नाही. व्हिसाही विचारत नाहीत. १९८२ मध्ये प्लायलर खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलंय की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेची दारं बंद करता येणार नाहीत.

मोठ्या मुलांची फक्त शेवटची गुणपत्रिका नेणं

नववीपासूनचा प्रत्येक विषय तिथे क्रेडिटमध्ये (विषय पुरा केल्यावर जमा होणाऱ्या एककांत) मोजला जातो, आणि पुढे कॉलेजला तेच बघतात. म्हणून नववी आणि दहावीच्या दोन्ही गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि गणित-विज्ञानाचा अभ्यासक्रम शाळेच्या शिक्क्यासह आणा. बीजगणित आणि भूमिती आपल्याकडे एकत्र चालतात, तिथे ती दोन स्वतंत्र वर्षं आहेत. काय शिकून झालं हे कागदावर दिसलं नाही, तर मुलाला पुन्हा खालच्या वर्गात बसवतात. मराठी-हिंदीचे गुणही सोबत ठेवा, कॉलेजच्या परकीय भाषेच्या अटीसाठी ते धरता येतील का हे पहिल्याच भेटीत शाळेतल्या काउन्सेलरला (मुलांना विषय निवडायला मदत करणाऱ्याला) विचारा. काउन्सेलरची वेळ ऑगस्टमध्ये मिळणं कठीण जातं, तेव्हा उतरल्याबरोबर ईमेल टाका.