हळदीवर एम.फार्म. करायचंय? थोडं थांबा

फार्माकॉग्नोसीला, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधद्रव्यांच्या अभ्यासाला आलेल्या मुलांना विषय विचारला की बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं: हळद आणि सोरायसिस (त्वचेवर लालसर, खवल्यांचे चट्टे येणारा आजार). मी आधी हळद सोडायला सांगते. तिच्यातल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यावर ढिगानं काम झालंय. शिवाय शरीराच्या पीएचला (आम्ल-अल्कतेच्या पातळीला) ते झटपट मोडतं, आणि बऱ्याच चाचण्यांमध्ये स्वतःच लुडबुड करून खोटा चांगला निकाल देतं.

याचा अर्थ झाडपाल्यातून त्वचेची औषधं निघत नाहीत असा नाही. गोवा पावडरीचंच बघा. मूळ झाड ब्राझीलचं, पण पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात आली म्हणून हे नाव. गजकर्णावर लावायची ही पूड सोरायसिसवरही चालते हे एकोणिसाव्या शतकात लक्षात आलं आणि तिच्यातल्या क्रायसारोबिन या द्रव्याला पर्याय म्हणून १९१६ मध्ये जर्मनीत डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध आलं. गुण येतो, पण कातडी चुरचुरते आणि कपड्यांवर न निघणारे डाग पडतात. बावचीतही सोरालेन हे त्वचेला उन्हासाठी हळवं करणारं द्रव्य असतं, पण नुसती बावची लावून उन्हात गेलात तर फोड येतील. तेव्हा 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) लिहू नका, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तिथेच धरतील.

वनस्पती मुंबईत मस्जिद बंदरच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, पण पुडीवरचं नाव आणि आतला माल एकच असेल याची खात्री नाही. फुलाफळासकट नमुना झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून) ओळखून घ्या. आणि पावसाळ्याआधी माल वाळवून हवाबंद ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत पुडीला बुरशी.

आता खरी मेख. सुरुवातीची चाचणी बहुतेक ठिकाणी सारखीच: उंदराच्या रॉ २६४.७ या रोगप्रतिकारक पेशींना एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं, दाह पेटवणारं द्रव्य) देऊन चेतवायचं, वर आपला अर्क घालायचा आणि ग्रीस रिएजंट या रंग आणणाऱ्या रसायनानं नायट्राइट, म्हणजे दाहाची खूण, मोजायचं. प्लेटमधल्या नुसत्या एलपीएसच्या खळग्यात गडद गुलाबी रंग येतो, अर्काच्या खळग्यात तो फिका पडतो. झालं, दाह कमी झाला म्हणून लॅबमध्ये पेढे! पण पेशी मेल्या तरी रंग फिकाच पडणार. म्हणून वरचं माध्यम ग्रीससाठी काढून घेतलं की खाली उरलेल्या त्याच पेशींवर एमटीटी (पेशी जिवंत आहेत का बघणारी चाचणी) करा. अर्क ज्यात विरघळवता त्या नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल (तुलनेसाठीचा खळगा) ठेवा. अर्काचा स्वतःचा रंगही वजा करा, पानांचे अर्क हिरवेगार असतात.

इथून पुढे हाकॅट या मानवी त्वचापेशी, मग इमिक्विमॉड हे दाह पेटवणारं औषध लावून सोरायसिससारखी त्वचा झालेले उंदीर. मलम करायचं असेल तर रेणूचं वजनही बघा. साधारण ५०० डाल्टनच्या वरचे रेणू त्वचेतून सहसा आत जात नाहीत, आणि मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड जवळपास ९५९ चं आहे. प्लेटमध्ये उत्तम दिसलेलं मलमात का फसतं, त्याचं बरंचसं उत्तर इथे असतं.

जीपॅट (एम.फार्म.ची प्रवेशपरीक्षा) काढली असेल तर स्टायपेंड मिळेल, त्यात मुंबईतलं भाडं भागेल या भ्रमात राहू नका. पेशींना रविवारची सुट्टी नसते आणि मेगाब्लॉक नेमका रविवारीच असतो, त्यामुळे खोली शक्यतो लॅबच्या जवळ बघा. गाईडला होकार देण्याआधी दोन गोष्टी मात्र स्पष्ट विचारा: सेल कल्चर आपल्याच लॅबमध्ये आहे की बाहेर पैसे मोजून करायचं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी हातात आहे की अजून अर्जच करायचाय.