उकललेला कोश : खानापूरच्या लाल मातीचं शिल्प

बदल हा विषय मातीत मांडायचा तर तो रंग फासून दाखवू नये. ओली, वाळलेली, भाजलेली, धुरावलेली अशी माती स्वतःच पालटत जाते. ते पालटणं शिल्पाच्या अंगावर दिसायला हवं. म्हणून हा फुलपाखराचा कोश : 25 सेंटिमीटर उंच, एका बाजूनं उकललेला, बुड काळं, शेंडा लाल.

माती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची लाल घ्या, कौलं-विटांसाठी नावाजलेली. अथणी-बैलहोंगलकडची काळी माती नको. ती वाळताना फार आकसते, शिवाय तिच्यात चुनखडी असते. मुगाएवढा खडा राहिला तरी भाजल्यावर हवेतली ओल शोषून फुगतो आणि चार दिवसांनी वरची खपली उडवतो. लाल मातीसुद्धा पाण्यात कालवून गाळूनच वापरा. चार भाग मातीला एक भाग रव्यासारखा विटेचा चुरा घाला. आकस कमी होतो, वाफेलाही वाट मिळते. याच मातीच्या एका पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ मारून ती भाजून पाहा. रेघ 9 भरली, तर ओला कोश 28 सेंटिमीटरचा हवा.

बोटाएवढ्या वळ्या एकावर एक चढवा, सांधा खरवडून मातीची खळ लावून. भिंत 1 सेंटिमीटर, बुडाला भोक. चार-पाच वळ्यांनंतर थांबा, नाहीतर पोट बसतं.

माती चामड्यासारखी घट्ट झाली की चीर पाडा. आधी दोन्ही टोकांना काडीनं गोल भोकं पाडा, मग मधे सुरी चालवा. गोल भोकापाशी तडा पुढे सरकत नाही. आतून बोटानं दाबत चिरेचे ओठ बाहेर वळवा. माती ओली असेल तर ते लोंबतात, सुकली असेल तर मोडतात, आणि सुकल्यावर जोडलेला तुकडा पुढे निखळतोच. बुड गारगोटीनं चमकेपर्यंत घोटा. शेंडा खरबरीत राहू द्या.

सावलीत दहा-बारा दिवस वाळवा, ओठांवर प्लास्टिक झाकून. खानापूरच्या पावसात याच्या दुप्पट दिवस धरा. गालाला गार लागलं तर ओल आहे.

भट्टीत पहिले चार तास अगदी मंद आच, नाहीतर आतल्या वाफेनं शिल्प फुटतं. 450 ते 600 अंशांत मातीच्या रचनेतलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती पाण्यात कधीच विरघळत नाही. खरा पालट हाच. 573 अंशांना मातीतले गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण एकदम फुगतात, निवताना तसेच आकसतात, म्हणून दोन्ही वेळा घाई नको. 900 अंशांना थांबा. फार तापवलं तर घोटलेली चकाकी जाते. भट्टी पूर्ण निवल्याशिवाय उघडू नका.

शेवटी उघड्यावर, पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसात कोश अर्धा पुरा. तुसाची पातळी मुद्दाम वर-खाली ठेवा, म्हणजे काळ्याची कड सरळ रेघेत येत नाही. तूस पेटवून झाकण किंचित फट ठेवून लावा. सात-आठ तास नुसतं धुमसायला हवं. ज्वाळा उठली की काजळी जळून जाते. काळा रंग मनासारखा नाही आला, तर कोश पुन्हा भट्टीत सावकाश 700 अंशांपर्यंत न्या. तो परत लाल होतो आणि धुरी नव्यानं देता येते.